समासातील हस्ताक्षर : माँतेनच्या 'एसे'ची बोर्दो प्रत

मिशेल द माँतेन (१५३३–१५९२) याच्या 'एसे' या ग्रंथाची पहिली आवृत्ती १५८० साली बोर्दो येथे सिमाँ मिलांज याने छापली. तीत दोन खंड होते. १५८८ साली पॅरिसच्या आबेल लांजेलिए याने तिसरा खंड जोडून नवी आवृत्ती काढली. पहिल्या दोन खंडांत सहाशे ठिकाणी भर घातल्याची जाहिरातही शीर्षकपृष्ठावर केली. या आवृत्तीची एक प्रत माँतेनने स्वतःजवळ ठेवली आणि मृत्यूपर्यंतच्या चार वर्षांत तिच्या समासांत, ओळींच्या मधल्या फटींत, प्रसंगी छापील शब्दांवर काट मारून तो लिहीत राहिला. ती प्रत आज बोर्दोच्या नगर-ग्रंथालयात आहे आणि अभ्यासकांत 'बोर्दो प्रत' या नावानेच ओळखली जाते.

लेखणीचे काम शीर्षकपृष्ठापासूनच सुरू होते. छापील मजकुरात ही 'पाचवी' आवृत्ती असल्याचे म्हटले आहे. (त्यापूर्वीच्या तीनच आवृत्त्या आज ज्ञात आहेत; चौथीचा ठावठिकाणा लागलेला नाही.) माँतेनने 'पाचवी' खोडून 'सहावी' केले आणि त्याखाली व्हर्जिलच्या 'एनीड'मधील एक अर्धी ओळ लिहिली. ती मूळ काव्यात लोकवार्तेविषयी आहे. जसजशी ती पुढे जाते तसतसे तिला बळ चढते, असा तिचा आशय. अद्याप अस्तित्वात नसलेली आवृत्ती हाताने जाहीर करण्याचा हा प्रकार आहे. शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूस जुळाऱ्यासाठी सूचना आहेत. कोणते शब्द कसे लिहावेत हे तर तेथे सांगितले आहेच. शिवाय आपली भाषा तुटक वाक्यांची असल्यामुळे पूर्णविराम आणि मोठी अक्षरे वापरताना हात आखडू नये, अशीही सूचना आहे. आतील पानांवर अनेक ठिकाणी स्वल्पविरामाचा पूर्णविराम झाला आहे आणि पुढचे लहान अक्षर मोठे केले गेले आहे. एकही शब्द न बदलता वाक्याचा श्वास बदलण्याचे हे काम आहे.

या प्रतीसंबंधीचा मूलभूत प्रश्न असा की, ती पुढील आवृत्तीची कच्ची प्रत समजावी की स्वतंत्र वाङ्मयकृती समजावी? पाठचिकित्सेच्या परंपरेत पहिले उत्तर गृहीत धरले गेले. जुळाऱ्यासाठीच्या सूचना त्याला पुष्टीही देतात. तथापि हा पुरावा निर्णायक मानून थांबले की, या पानांवर घडलेली एक गोष्ट नजरेआड होते. ती म्हणजे छापील अक्षर आणि हस्ताक्षर यांच्यातील अंतराचा आशयासाठी झालेला उपयोग.

हे अंतर मुद्रणापूर्वीच्या लेखनसंस्कृतीत नव्हते. पोथी हाताने लिहिलेली, तिच्या कडेची टीपही हाताने लिहिलेली. पुढच्या नकलेत टीप केव्हा मूळ संहितेत मिसळेल याचा नेम नसे. म्हणूनच तेथे भर हा दोष ठरतो आणि त्याला 'क्षेपक' म्हटले जाते. माँतेनचा समकालीन असलेल्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिच्या अखेरीस त्यांनी घातलेली ताकीद मराठी वाचकाला परिचित आहे : या ग्रंथात कोणी आपली ओवी घुसडली तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवण्यासारखे होईल. त्या ताकदीमागे केवळ भक्तिभाव नाही, हस्तलिखिताच्या स्वरूपाची अचूक जाण आहे. हातामागून हात लिहीत असता कोणता हात कोणाचा हे पुढे सांगता येणार नाही, हे एकनाथ जाणत होते. छापील पानावर ही भीती उरत नाही. तेथे हाताचे अक्षर स्वतःला लपवू शकत नाही. हस्ताक्षराला 'हस्ताक्षर' म्हणून अर्थ प्राप्त झाला तो मुद्रणामुळे, असे म्हणावयास हरकत नाही.

या अंतराचा सर्वात बोलका नमुना पहिल्या खंडातील मैत्रीविषयक निबंधात, म्हणजे अठ्ठाविसाव्या प्रकरणात आढळतो. एतिएन द ला बोएसी हा माँतेनचा जिवलग मित्र १५६३ साली वारला. निबंध त्याच्याविषयी आहे. छापील संहितेत माँतेन म्हणतो ते थोडक्यात असे : या माणसावर माझे प्रेम का होते, असे कोणी खोदून विचारले तर ते सांगता येणार नाही असे मला वाटते. वाक्य तेथे संपते. १५८० मध्ये ते संपले होते आणि १५८८ मध्येही संपलेलेच राहिले. बोर्दो प्रतीत मात्र त्या वाक्याच्या शेजारी, समासात, उत्तर आले आहे. प्रथम कारण म्हणून मित्राचे 'तो' असणे पुढे केले आहे. त्यानंतर, वेगळ्या शाईत आणि म्हणून वेगळ्या वेळी, स्वतःचे 'मी' असणे त्याला जोडले आहे.

हे वाक्य आज जगभर उद्धृत होते, तेव्हा ते दोन समतोल अर्ध्यांचे एकच सुभाषित म्हणून वाचले जाते. वस्तुतः पानावर तीन काळ आहेत. छापील काळात मौन आहे. ते नुसते मौनही नव्हे, सांगता येत नाही हे ठामपणे सांगणे आहे. पहिल्या शाईच्या काळात, मित्राला जाऊन पंचवीस वर्षे उलटल्यावर, त्याच्यापुरते उत्तर सुचले आहे. दुसऱ्या शाईच्या काळात ते उत्तर अपुरे वाटले आहे आणि लिहिणारा स्वतः त्या नात्यात दाखल झाला आहे. दोन अर्ध्यांतील समतोल हा त्यांच्यामध्ये किती काळ गेला ते दिसेनासे झाल्यावरच जाणवतो. पानावर दिसतो तो विलंब. शोकाचे स्वरूप काय असते, हे या दोन शायांनी जितके सांगितले आहे तितके छापील निबंधाने सांगितलेले नाही, असा अभिप्राय दिल्यास तो धाडसाचा ठरू नये. ही भर 'दुरुस्ती'ही नव्हे, कारण मूळचे 'सांगता येत नाही' हे विधान खोडलेले नाही. उत्तर मिळाले तरी ते विधान पानावर तसेच आहे आणि त्याच्याच आधाराने नवे शब्द उभे आहेत.

याच निबंधाच्या आरंभी एक दृष्टांत आहे. माँतेनच्या पदरी असलेला एक चित्रकार भिंतीच्या मध्यभागी नीट रेखलेले चित्र काढतो आणि सभोवारची मोकळी जागा विचित्र, मनःपूत आकृत्यांनी भरतो. आपले निबंध म्हणजे त्या कडेच्या आकृत्या, आणि मध्यभागी ला बोएसीची कृती, अशी ग्रंथाची योजना माँतेन सांगतो. पहिल्या खंडात ५७ प्रकरणे आहेत. एकोणतिसावे बरोबर मधोमध येते. तेथे ला बोएसीचा राजकीय निबंध यावयाचा होता. परंतु तो ह्यूगनॉट पक्षाने आपल्या प्रचारासाठी आधीच छापला, म्हणून माँतेनने तो मागे घेतला आणि त्याच्या जागी मित्राची २९ सुनीते घातली. बोर्दो प्रतीत ती सुनीतेही काट मारून रद्द केली आहेत. हे काव्य इतरत्र पाहावयास मिळते, एवढीच नोंद उरली आहे. परिणामी ज्या चित्राच्या भोवती कडा रंगवावयाच्या होत्या ते चित्रच नाही. निबंधाचा प्रास्ताविक मजकूर आहे, अर्पण आहे आणि पुढे रिकामी जागा आहे. हस्ताक्षराची कलात्मक कृती म्हणजे केवळ भर घालणे नव्हे, याचे हे उदाहरण पुरेसे आहे. त्यातही बोर्दो प्रतीत ही रिकामी जागा खऱ्या अर्थाने रिकामी नाही. काटेखाली सुनीते वाचता येतात. त्यानंतरच्या छापील आवृत्त्यांत जे निव्वळ अभावरूप झाले, ते येथे अजून झाकण घातल्यासारखे आहे.

(मराठीत पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेलाही 'समास' म्हणतात आणि दोन पदांच्या एकत्र येण्यालाही 'समास' म्हणतात. या प्रतीची चर्चा मराठीत करताना हा योगायोग उपयोगी पडतो.)

तिसऱ्या खंडातील 'व्यर्थता'विषयक निबंधात माँतेनने आपल्या पद्धतीचे वर्णन केले आहे. छापील मजकुरात तो सांगतो की, आपण भर घालतो, दुरुस्त करत नाही. त्या विधानाला लागूनच त्याने बोर्दो प्रतीत हाताने स्पष्टीकरण जोडले : आपला ग्रंथ एकच आहे, मात्र तो सैलसर जुळवलेल्या जडावकामासारखा असल्याने नव्या आवृत्तीच्या वेळी एखादा जादा तुकडा बसवण्याची मुभा आपण घेतो. भर घालण्याविषयीचे विधान भर घालूनच स्पष्ट व्हावे, यात एक मिस्कीलपणा आहे. शिवाय या विधानावर शब्दशः विश्वास ठेवणे धोक्याचे आहे. ज्या प्रतीत हे लिहिले आहे त्याच प्रतीत शेकडो ठिकाणी शब्द बदललेले, वाक्ये खोडलेली आहेत. माँतेन दुरुस्त करीत होताच. पण विचार मागे घेणे आणि शब्द पालटणे यांत तो भेद करीत होता. आधीचा 'मी' आणि आजचा 'मी' हे दोघेही पानावर राहावेत, एकाने दुसऱ्याला हुसकून लावू नये, हा त्याचा आग्रह होता, आणि छापील मजकूर व हस्ताक्षर यांच्या शेजारामुळे तो दृश्य स्वरूपात साकार झाला.

छापील पानावर लिहिणाऱ्या इतर लेखकांशी तुलना केली असता हे वेगळेपण अधिक स्पष्ट होते. बाल्झाकच्या मुद्रितांची ख्याती फ्रेंच मुद्रणालयांत भीतिदायक होती. अल्पसा मजकूर छापून घ्यावयाचा आणि रुंद समासाच्या मुद्रितांवर, पुन्हःपुन्हा मागवून, कादंबरी वाढवीत न्यावयाची, ही त्याची रीत होती. त्याच्या मुद्रितांवर एका वेळी तासाभराहून अधिक काम करण्यास जुळारी तयार नसत, असे त्या काळच्या आठवणींतून सांगितले जाते. फटाक्यांच्या आतषबाजीसारख्या रेषा पानभर उडालेल्या ही मुद्रिते बांधून घेऊन तो स्नेह्यांना भेट देई. म्हणजे त्यांच्या दृश्य मूल्याची जाणीव त्याला होती. परंतु त्या रेषांचे इष्ट स्थान पुढच्या मुद्रितात होते. तेथे त्या नाहीशा झाल्या की कादंबरी पूर्ण. प्रूस्तची गोष्ट काहीशी अशीच. १९१३ साली ग्रासे या प्रकाशनसंस्थेने पाठविलेल्या मुद्रितांवर त्याने एवढी भर घातली, कागदाचे तुकडे चिकटवून पाने एवढी लांबविली की, मुद्रित हे पुन्हा हस्तलिखितच झाले. त्याच्या महाकादंबरीचे आज सर्वतोमुखी असलेले एकंदर नाव त्याच मुद्रितांवर, आधीचे नाव खोडून, लिहिले गेले. १९२० मध्ये गालिमारने दुसऱ्या भागाची ५० प्रतींची खास आवृत्ती काढली, तेव्हा लेखकाच्या हातच्या मजकुराची पाने त्या प्रतींत वाटून टाकण्यात आली. एका कृतीची घडण पन्नास संग्राहकांच्या घरी विखुरली. हस्ताक्षराला किंमत आली ती अशी.

दुसऱ्या टोकाला टॉम फिलिप्स (१९३७–२०२२) हा ब्रिटिश चित्रकार उभा आहे. १९६६ साली त्याने लंडनच्या पेकॅम भागातील जुन्या सामानाच्या दुकानातून डब्ल्यू. एच. मॅलॉक याची 'अ ह्यूमन डॉक्युमेंट' (१८९२) ही विस्मृत कादंबरी तीन पेनींना विकत घेतली आणि तिच्या प्रत्येक पानावर रंग-रेषा चढवून, मोजकेच छापील शब्द उघडे ठेवून, वेगळीच गोष्ट उभी केली. मूळ नावाचाच संकोच करून त्याने तिला 'अ ह्यूमुमेंट' हे नाव दिले. नायकाचे 'टोज' हे आडनावही छापील इंग्रजी शब्दांच्या पोटातूनच शोधून काढले. १९८० पासूनच्या आवृत्त्यांत तो जुनी पाने नव्याने रंगवीत गेला आणि २०१६ ची सहावी आवृत्ती त्याने अखेरची ठरविली. ही कृती रमणीय आहे, विनोदी आहे, काही पानांवर खरोखर काव्यमय आहे. पण तिच्यात मूळ छापील संहितेला बाजू मांडण्याची संधी नाही. मॅलॉक हा तेथे कच्चा माल आहे. परक्याच्या पुस्तकावर चालविलेला हात आणि स्वतःच्या पुस्तकावर चालविलेला हात यांत नैतिक भेद आहे, हे फिलिप्सच्या गौरवपर समीक्षेत सहसा ध्यानात घेतले जात नाही.

बाल्झाक-प्रूस्त यांचे हस्ताक्षर मुद्रणात विरून जाण्यासाठी आहे. फिलिप्सचे हस्ताक्षर मुद्रणाला गिळण्यासाठी आहे. माँतेनच्या पानावर दोहोंचा संवाद चालू राहतो. प्रश्न असा की, तो वाचकापर्यंत पोहोचवावयाचा कसा? येथे संपादकांचा इतिहास सुरू होतो आणि तो वाटतो तितका कोरडा नाही.

माँतेनच्या मृत्यूनंतर १५९५ साली मारी द गुर्ने या विदुषीने 'एसे'ची मरणोत्तर आवृत्ती सिद्ध केली. तिची आणि माँतेनची भेट १५८८ मधली. बोर्दो प्रतीतील काही थोडी भर तिच्याच अक्षरात आहे. १५९५ ची छापील संहिता बोर्दो प्रतीशी पुष्कळशी जुळते, पण सर्वत्र नाही. तिच्यामागे दुसरी, आज नष्ट झालेली प्रत असावी असे मानले जाते. गुर्नेने आपल्या आवृत्तीच्या छापून झालेल्या प्रतींतील चुकाही स्वतः लेखणीने दुरुस्त केल्या. तिला दीर्घकाळ अविश्वासाने वागविण्यात आले. वृद्ध लेखकाच्या भक्तिणीने मजकुरात हात घातला असावा, असा तो संशय होता. १८०२ मध्ये नेजाँ याने बोर्दो प्रतीवरून आवृत्ती काढली. पुढे १९०६ पासून स्त्रोव्स्की याच्या संपादनाखाली बोर्दो नगराने पुरस्कृत केलेली मोठी आवृत्ती निघू लागली आणि विसाव्या शतकात बोर्दो प्रतीचे वर्चस्व प्रस्थापित झाले. २००७ च्या 'प्लेयाद' मालेतील आवृत्तीने हे चक्र उलटे फिरवून पुन्हा १५९५ ची संहिता स्वीकारली. गुर्नेला न्याय मिळाला, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. १५९५ मध्ये चौदावे प्रकरण चाळिसाव्या जागी हलविलेले आहे. त्यामुळे रद्द सुनीतांचे प्रकरण अठ्ठाविसावे होते आणि खंडाच्या मध्यबिंदूवरून सरकते. ज्या रिकाम्या केंद्राभोवती पहिला खंड रचला गेला ते केंद्रच या क्रमात सापडत नाही. कोणती संहिता घ्यावी हा प्रश्न केवळ शब्दलेखनाचा नाही, तो यासाठी.

दरम्यान विसाव्या शतकातील अभ्यासू आवृत्त्यांनी एक तोडगा काढला : १५८० चा मजकूर 'ए', १५८८ ची भर 'बी' आणि बोर्दो प्रतीतील हस्तलिखित भर 'सी', अशी अक्षरे ओळीओळींत बसविली. डोनल्ड फ्रेमच्या इंग्रजी भाषांतरातही ती आली. ही सोय फार मोलाची आहे. तिच्याशिवाय विद्यापीठीय अभ्यास शक्य झाला नसता. मात्र 'सी' हे अक्षर चार वर्षांचा काळ एका थरात दाबून टाकते. मैत्रीच्या वाक्यातील दोन शाया तेथे एकाच 'सी'च्या खाली येतात. खोडलेले शब्द तळटिपांत जातात, विरामचिन्हांतील फेरफार तर बहुधा कोठेच जात नाहीत. थर दाखविण्यासाठी योजलेल्या खुणेनेच सर्वात नाजूक थर पुसला जावा, ही या पद्धतीची मर्यादा आहे. बोर्दो प्रतीच्या छायाचित्रित आवृत्त्या १९१२ पासून उपलब्ध होत गेल्या आणि आता ती पाने संगणकाच्या पडद्यावरही पाहता येतात. तेव्हा तुलनाकाराने केवळ 'ए-बी-सी'वर विसंबून राहण्यास आता सबब उरलेली नाही.

या चर्चेचा मराठीशी असलेला संबंध आगंतुक नाही. १९२० नंतरच्या दोन दशकांत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर, अनंत काणेकर यांच्या हाती मराठी लघुनिबंध आकारास आला, आणि या प्रकाराची चर्चा करणाऱ्या समीक्षेने माँतेनला त्याचा आद्य जनक म्हणून वारंवार वंदन केले. पण हा माँतेन इंग्रजीच्या वाटेने आला होता. १६०३ मधील जॉन फ्लोरिओचे भाषांतर १५९५ च्या संहितेच्या परंपरेतले; तीत, आणि १६८५ मधील चार्ल्स कॉटनच्या भाषांतरातही, सर्व काळ एका सपाटीवर छापलेले. त्या सपाट पानावरून चार्ल्स लॅम आणि पुढे गार्डिनर, लिंड यांनी जो बोध घेतला तो मराठीत 'गुजगोष्टी' या शब्दात उतरला : हलक्याफुलक्या संवादाच्या ओघात, एकटाकी, मूडच्या लयीत लिहिलेला मजकूर. माँतेनचे गप्पिष्ट वळण खरे आहे. पण ज्या स्वैरपणाला मराठी समीक्षेने संभाषणाचा स्वैरपणा मानले, त्यातील बराचसा भाग प्रत्यक्षात बारा-बारा वर्षांच्या अंतराने घातलेल्या भरीमुळे निर्माण झालेला आहे. एका विषयावरून दुसऱ्या विषयावर मन उडी घेते असे जेथे वाटते, तेथे पुष्कळदा एका दशकातून दुसऱ्या दशकात उडी असते. मराठी लघुनिबंध पुढे लवकरच साचेबंद झाला, ही तक्रार जुनी आहे. तिची कारणे अनेक असतील. आद्य आदर्शाचे एकटाकी स्वरूप गृहीत धरल्याने पुनर्लेखनाचा, स्वतःच्या जुन्या शब्दांशी झटण्याचा धडा या प्रकाराला मिळालाच नाही, हे त्यांपैकी एक मानावयास जागा आहे. काणेकरांचा किंवा खांडेकरांचा एखादा निबंध वीस वर्षांनी त्यांच्याच हाताने समासात वाढला असता तर तो कसा झाला असता, हा प्रश्न निदान विचारण्याजोगा आहे.

बोर्दो प्रतीचा पुढचा प्रवासही थोडक्यात नोंदविला पाहिजे. माँतेनच्या पत्नीने ती बोर्दोच्या फयाँ पंथीयांच्या मठाला दिली. त्याच मठाच्या चर्चमध्ये त्याचे दफन झाले होते. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ती नगराच्या मालकीची झाली. मधल्या काळात केव्हातरी तिची पुन्हा बांधणी करण्यात आली आणि पुस्तकबांधणी करणाऱ्याने पानांच्या कडा एकसारख्या कापल्या. त्यात समासातील हस्ताक्षराच्या ओळींची टोके गेली. कोठे शेवटची अक्षरे नाहीत, कोठे अख्खे शब्द नाहीत. संपादक ती गळालेली अक्षरे १५९५ च्या छापील आवृत्तीवरून, चौकटी कंसांत, भरून काढतात.